रॉकेटच्या नळीचा जीर्णोद्धार

छंदाचे रॉकेट म्हणजे विज्ञानाची हौस असलेल्या मंडळींनी घरी जुळवून मोकळ्या मैदानात उडवायचे हात-दीड हात लांबीचे रॉकेट होय, आणि ते ज्या अवयवावर उभे असते त्यास ‘बॉडी ट्यूब’ असे भारदस्त नाव असले, तरी वस्तुतः ती पुठ्ठ्याची एक नळी असते. कागदाच्या लांब पट्ट्या गुळगुळीत दांड्यावर तिरक्या गुंडाळत व एकमेकींवर चिकटवत नेल्या की ही नळी तयार होते. तिच्या वरच्या तोंडात टोकदार नाक बसते, खालच्या अंगाला तीन किंवा चार पातळ पंख चिकटवले जातात, आणि पोटात इंजिन, पॅराशूट व नाक हरवू नये म्हणून त्याला नळीशी बांधून ठेवणारी रबरी दोरी एवढा संसार मावतो. प्रचलित मापांपैकी एका नळीचा बाहेरील व्यास १.६३७ इंच आणि आतील व्यास १.५९५ इंच असतो. या दोहोंच्या वजाबाकीचे निम्मे केले असता भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते, आणि गृहस्थाश्रमी पुरुषाच्या स्वभावाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास तेवढी जाडी पुरेशी आहे.

ही जाडी कंजुषीतून आलेली नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी पादत्राणांचे दुकान चालवणारे आणि शोभेच्या दारूकामाचा नाद असलेले ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ साली, भाऊ रॉबर्ट यांच्यासह, असे पहिले रॉकेट घडवले. १९५७ साली जी. हॅरी स्टाइन यांचा रॉकेटविषयक सुरक्षिततेवरील लेख एका मासिकात आला. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांना आपले नमुने पाठवले, आणि पुढल्याच वर्षी व्हर्न एस्टेस यांनी लहान इंजिने धडाधड तयार करणारे यंत्र बांधून त्याचे ‘मेबल’ असे बारसेही केले. या सर्व खटाटोपाचा हेतू इतकाच होता की पोरांनी लोखंडी नळ्यांत दारू ठासून बोटे गमावण्याऐवजी तयार इंजिन विकत घ्यावे आणि ते कागदी नळीत बसवावे. म्हणून या छंदाच्या सुरक्षानियमांत रॉकेटचे अंग धातूचे नसावे, कागद, हलके लाकूड किंवा प्लॅस्टिक यांचे असावे, असे बंधन आहे. पॅराशूट न उघडता रॉकेट कोणाच्या डोक्यावर आलेच, तर नळीने चेपावे आणि डोक्याने शाबूत राहावे, अशी ही कामाची वाटणी आहे. चेपणे हे त्या नळीचे कर्तव्य आहे.

हे कर्तव्य मुंबईलगतच्या नालासोपाऱ्यातील गृहस्थास मुळीच मान्य नसते. कोकणातून येऊन तुळिंज, आचोळे किंवा सोपारा गावाच्या आसपास दीड-दोन खोल्यांत स्थिरावलेल्या या गृहस्थाच्या शब्दकोशात दुरुस्ती याचा अर्थ वस्तू पूर्ववत करणे असा नसून ती पुन्हा आपल्या हयातीत, आणि शक्य तर चिरंजिवांच्याही हयातीत, मोडणार नाही अशी करणे असा असतो. त्याच्या घरातील स्टुलाला मूळच्या चार खिळ्यांखेरीज उत्तरकालीन अकरा खिळे असतात, छत्रीच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली असते, आणि मिक्सरच्या झाकणाला असे काही चिकटवलेले असते की ते उघडण्यासाठी शेजाऱ्यांना बोलवावे लागते. ‘आता बघ, हलत नाही’ हे वाक्य अशा प्रत्येक दुरुस्तीच्या समारोपास उच्चारले जाते, मग ती वस्तू हलण्यासाठीच केलेली का असेना.

नालासोपाऱ्यात ही नळी पोचते कशी, याचाही विचार आवश्यक आहे. बहुधा ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाच्याच्या बॅगेतून, चॉकलेटे आणि बदामांच्या पिशव्या यांच्या मधोमध येते. इंजिन मात्र येत नाही, कारण दारूने भरलेली ही इंजिने प्रवासी विमानात हातातल्या बॅगेत किंवा मोठ्या बॅगेत, कशातच नेऊ देत नाहीत. परिणामी ज्या रॉकेटला उडण्याची शक्यता नाही असे रॉकेट साऱ्या आप्तांच्या साक्षीने भेट दिले जाते. भाचा उतरलेला असतो दादरला किंवा पार्ल्याला, आणि तेथून ते घरी न्यायचे असते संध्याकाळच्या विरार लोकलने. केरळातील थुंबा येथे भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या दिवसांत रॉकेटचे नाक सायकलवरून नेल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, आणि त्याकडे साधेपणाचा नमुना म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु सायकलवर चौथी सीट नसते, सायकलच्या दारात कोणी लटकत नाही आणि सायकलवाल्याच्या पाठीला कोणाचा डबा टोचत नाही, या तिच्या तांत्रिक गुणांकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झालेले दिसते.

विरार लोकलमध्ये या विषयावर होणारा संवाद साधारणपणे ठरीव असतो.

‘काका, ते हातातलं वर टाका.’

‘अहो, रॉकेट आहे ते.’

‘असू दे. रॉकेटला काय वेगळा डबा आहे का?’

नळी रॅकवर जाते, तिच्यावर कोणाची लॅपटॉपची बॅग, बॅगेवर भाजीची पिशवी आणि पिशवीवर हेल्मेट येते. नालासोपारा आल्यावर येथे उतरावे लागत नाही, प्रवाशास उतरवले जाते. त्या लोटात गृहस्थ फलाटावर आणि नळी अद्याप रॅकवर, अशी स्थिती उद्भवते, आणि आतील सहृदय प्रवाशांपैकी कोणीतरी ती खिडकीच्या गजांतून बाहेर देण्याचा प्रयत्न करतो. खिडकीच्या दोन गजांमधील अंतर आणि पंखांसह नळीची रुंदी यांचा मेळ बसत नाही. पंख बहुधा वाचतात, नळी वाचत नाही.

अमेरिकी ग्रंथांत नळीच्या दुखापतींचे जे वर्गीकरण आढळते ते यामुळे येथे फारसे उपयोगी पडत नाही. तिकडे ‘झिपर’ नावाची एक प्रख्यात दुखापत आहे: पॅराशूट बाहेर फेकण्याची वेळ चुकली आणि रॉकेट तेव्हा फार वेगात असले, म्हणजे सुटलेल्या नाकाची दोरी नळीच्या तोंडावर ताणली जाते आणि चेन उघडावी तशी नळी वरून खाली फाडत नेते. नालासोपाऱ्यात हीच दुखापत, कोणत्याही उड्डाणाविना, ‘आत काय आहे’ हे पाहण्यासाठी नाक ओढणाऱ्या पाहुण्यांच्या पाच वर्षांच्या बालकाकडून होते. तिकडे दुसरा प्रकार जळण्याचा, इकडे भिजण्याचा. कोकणपट्टीच्या आषाढात कपाटातील चामडी पट्ट्यालाही बुरशी येते, तेथे पुठ्ठ्याने कोरडे राहावे ही अपेक्षाच चुकीची आहे. ओल धरलेली नळी प्रथम फुगते, मग तिच्या तिरक्या पट्ट्या सांध्यांवर सुटू लागतात, आणि माळ्यावर तिच्या अंगावर गणपतीच्या मखराचे थर्माकोल आलेले असल्यास ती नम्रतेने वाकते.

दुरुस्तीची शास्त्रशुद्ध रीत मात्र सोपी आहे. किरकोळ चेप असेल, तर आतून त्याच व्यासाची गुळगुळीत गोल वस्तू सरकवून तो वर उचलावा, दबलेल्या जागी पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे घरोघरी फेविक्विक या नावाने ओळखला जाणारा झटपट गोंद, थोडासा मुरवून कागद कडक करावा, वरून पुट्टीचा पातळ हात देऊन २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे व रंग मारावा. घडी खोल असेल किंवा नळी फाटलेली असेल, तर तेवढा तुकडा कापून काढावा. कापण्याची रेघ सरळ यावी म्हणून सरळ कडेची कागदी पट्टी नळीभोवती गुंडाळावी, तिच्या कडा एकमेकींवर जुळल्या की रेघ काटकोनात आली असे समजावे, आणि कटर एकाच दाबात न चालवता हलक्या हाताने अनेक फेऱ्यांत फिरवावा. मग ‘कपलर’, म्हणजे नळीच्या आत नेमकी बसणारी दुसरी आखूड नळी, दोन्ही बाजूंना निदान एकेका व्यासाइतकी जाईल अशी चिकटवून तिच्यावर नवा तुकडा चढवावा. गोंद वाळण्याचा वेळ सोडला तर हे अर्ध्या तासाचे काम आहे.

ते अर्ध्या तासात होत नाही, कारण इमारतीत माणसे राहतात. जिन्यातून वर-खाली करणाऱ्यास उघड्या दारातून पुठ्ठा, कटर आणि गोंद दिसला की त्याचे पाऊल थबकते, आणि ज्याने जन्मात रॉकेट पाहिलेले नाही अशा इसमासही त्याच्या दुरुस्तीविषयी निश्चित मत असते. पहिल्या मजल्यावरील निवृत्त फिटरकाका नळी हातात घेऊन, डोळ्यासमोर धरून, एका टोकातून ट्यूबलाइटकडे पाहतात आणि ‘लाइनमध्ये नाही’ असे म्हणून परत देतात; लाइनमध्ये आणण्यासाठी काय करावे याविषयी ते मौन पाळतात. तिसऱ्या मजल्यावरील वहिनींच्या मते गोंद म्हणजे केवळ पैशाची नासाडी असून पूर्वी मैद्याच्या खळीने वाट्टेल ते चिकटत असे. सोसायटीचे सेक्रेटरी दुरुस्तीकडे पाहत नाहीत, त्यांना ती कोठे चालली आहे यात रस असतो.

‘हे उडवणार कुठून?’

‘अजून ठरलं नाही.’

‘गच्चीवरून नको. वॉटरप्रूफिंग केलंय.’

वॉचमन दूरदर्शी असतो. हे वर गेल्यावर परत कोठे पडेल एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते, आणि या मंडळातील हा एकमेव शास्त्रीय प्रश्न असल्याने त्यास कोणी उत्तर देत नाही.

कपलर मिळवणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. हार्डवेअरच्या दुकानात गृहस्थ नळीचा तुकडा काउंटरवर ठेवतो.

‘याच्या आत बसेल असा पाइप पाहिजे.’

‘किती इंची?’

‘एक पूर्णांक पाचशे पंच्याण्णव सहस्रांश.’

‘दीड आहे, दोन आहे. मधलं येत नाही.’

कापडाच्या दुकानात ताग्याच्या पोटातील पुठ्ठ्याची नळी विनामूल्य मिळते, परंतु तिची भिंत इतकी जाड असते की तिच्यावर सोफा उभा करता येईल. शटलकॉकचा डबा लाभला तर तो रुंद निघतो. भारतात तयार झालेले पहिले साउंडिंग रॉकेट, १९६७ साली थुंब्याहून उडालेले आरएच-७५, याचा व्यासही ७५ मिलिमीटरच होता, तेव्हा त्या डब्याचे रॉकेट करावे आणि मूळ रॉकेटच त्याच्या आत ठेवून द्यावे, असाही प्रस्ताव या टप्प्यावर पुढे येतो. अखेरीस स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलच्या गुंडाळीत अगदी योग्य नळी आहे, असा शोध लागतो. ती रिकामी व्हावी यासाठी घरात चपात्या एकेरीऐवजी तिहेरी गुंडाळल्या जाऊ लागतात, मुलांचे डबे चकाकू लागतात, लोणच्याच्या फोडीलाही स्वतंत्र वेष्टन मिळते. आणि शेवटचा वेढा सुटल्यावर हाती आलेली नळी आत ढिली पडते. मग तिच्यावर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळ लावून चढवाव्या लागतात, आणि तिसऱ्या मजल्यावरील वहिनींचा पक्ष प्रबळ होतो.

यानंतर मूळ संकट येते. पांढरा गोंद लावलेला कपलर नळीत सरकवताना हात मध्येच थांबवता येत नाही, कारण गोंदातील पाण्याने कागद फुगतो, दोन भिंती एकमेकींना आवळतात आणि काही क्षणांत कपलर आहे तेथे कायमचा रुतून बसतो. म्हणून एका सलग दाबात तो खुणेपर्यंत नेणे हा या कलेतील पहिला धडा मानला जातो. परंतु कपलर निम्मा आत गेला असता दाराची बेल वाजणे हा नालासोपाऱ्यातील निसर्गनियम आहे. दारात पाणी कधी येणार हे विचारणारी व्यक्ती असते. तिला उत्तर देऊन परत येईपर्यंत कपलर ना आत, ना बाहेर अशा अवस्थेस पोचलेला असतो. त्यास फिरवून, ओढून, फिटरकाकांच्या पकडीत धरून काही उपयोग होत नाही, आणि पकडीने नळीला नव्या दोन चेपा मात्र पडतात. आता त्या चेपांसाठी आत आणखी एक लहान नळी घालणे क्रमप्राप्त होते. सोपाऱ्यातील बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून जो बौद्ध स्तूप उजेडात आणला, त्याच्या गर्भातील शिलापेटीत तांबे, रुपे, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक सापडले, ही इतिहासप्रसिद्ध गोष्ट आहे. एकात एक घालत जाण्याची परंपरा या भूमीत एवढी जुनी असल्याने गृहस्थास दोष देणे उचित ठरणार नाही; फरक एवढाच की स्तूपात सर्वांत आत सोने निघाले आणि येथे सर्वांत आत मुलाच्या चित्रकलेच्या वहीचे कव्हर असते.

झटपट गोंदाचा अध्याय थोडक्यात आटोपणे बरे. हा गोंद हवेतील बाष्पाने पकडतो, त्यामुळे खाडीकाठच्या दमट गावी तो विशेष उत्साही असतो आणि प्रथम बोटांना परस्परांशी, नंतर बोटांना नळीशी आणि त्यानंतरच नळीला नळीशी जोडतो. सांडलेला गोंद टिपण्यासाठी हाताशी नेहमी जुना बनियन असतो. सायनोॲक्रिलेट आणि सुती कापड एकत्र आले की उष्णता निर्माण होते, कापड चटका बसण्याइतके तापते आणि कधी धूरही निघतो, हे रसायनशास्त्रातील सत्य बहुसंख्य गृहस्थांना याच प्रसंगी प्रथम उमजते. धूर पाहून सेक्रेटरी वर येतात. त्यांना ‘इंजिन नाहीच आहे यात’ असे सांगितले असता ते अधिकच सावध होतात.

सरतेशेवटी एम-सील येते. दोन रंगांच्या वड्या मळून होणारा हा लगदा गळक्या नळासाठी उत्तम आहे, आणि म्हणूनच तो कोणत्याही नळीसाठी उत्तम असला पाहिजे, असा तर्क केला जातो. सांध्याभोवती त्याचा एक वेढा देण्यात येतो, ‘हात लावलाच आहे तर’ म्हणून पंखांच्या मुळांशीही थोडा दाबला जातो, आणि उरलेला वाया जाऊ नये म्हणून तळाशी आणखी एक वेढा बसतो. दुसऱ्या दिवशी गृहस्थ नळी टेबलावर आपटून दाखवतो. टेबलाला खड्डा पडतो.

येथे थोडी पदार्थविज्ञानाची चर्चा अटळ आहे. या छंदातील सी६-५ नावाचे इंजिन, ज्यात सी हा एकूण आवेगाचा वर्ग, ६ हा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि ५ ही दारू जळून संपल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंतची सेकंदे असतात, ते स्वतःच्या वजनासह सुमारे ११३ ग्रॅमपर्यंतचे रॉकेट उचलते. जीर्णोद्धारित रॉकेट किराणा दुकानाच्या तराजूत घातले की दुकानदार त्याच्या बदल्यात एक नारळ ठेवून पाहतो. त्याहून गंभीर बाब वजनाच्या जागेची आहे. गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर रॉकेट बोटावर तोलून राहते तो बिंदू, हा दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा बाजूचा दाब जेथे एकवटल्यासारखा वागतो त्या बिंदूच्या, नाकाकडे निदान एका व्यासाइतका पुढे हवा. शेपटीकडे लगदा थापला की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि असे रॉकेट आकाशाऐवजी प्रेक्षकांची निवड करते. याची परीक्षा घेण्याची सोपी युक्ती अशी की गुरुत्वमध्याशी सुतळी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरागरा फिरवावे, आणि नाक पुढे राहिले तर ते स्थिर मानावे. गच्चीवर जागा मिळते. पण तेथेच पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, वाळत घातलेले पापड आणि वॉटरप्रूफिंग यांचेही वास्तव्य असते. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात शेपटीने पुढाकार घेतलेले ते रॉकेट सुतळीसह टाकीवर आदळते, आणि तपासणीअंती असे आढळते की दुरुस्त केलेल्या भागास ओरखडाही न येता नळी बरोबर त्याच्या वर, मूळ निरोगी पुठ्ठ्याच्या ठिकाणी, मोडली आहे. फिटरकाका ती परत डोळ्यासमोर धरतात. ‘आता लाइनमध्ये आहे,’ असा निर्वाळा ते देतात, कारण मोडलेल्या जागेतून ट्यूबलाइट सरळ दिसतो.

यावर कोणी दिवाळीचा बाण आत बसवण्याची सूचना करतो, ती मात्र हसण्यावारी न नेता तेथेच मोडून काढावी. काडीच्या भाराने सरळ जाणारा बाण आणि पंखांच्या जोरावर सरळ जाणारे रॉकेट ही निरनिराळी कुळे असून, परवान्याविना स्फोटके तयार करणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि या छंदाची सुरुवातच बोटे वाचवण्यासाठी झालेली आहे. ज्यांना खरोखर काही उडालेले पाहायचे असेल त्यांनी शीतपेयाची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तिला पुठ्ठ्याचे पंख लावावेत, सुमारे एक तृतीयांश पाणी भरावे आणि बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरून, मंडळींना लांब उभे करून, भरतीची वेळ टाळून कळंब किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर ती मोकळी सोडावी. हे पाणरॉकेट पाच-सहा मजल्यांइतके सहज वर जाते, इंजिनाची वाट पाहत नाही, भिजल्याने बिघडत नाही, आणि बाटलीला उथळ पोचा आलाच तर हवा भरताना तो आपोआप बाहेर येतो. घडी पडली तर ती बाटली टाकून भंगारवाल्याकडून दुसरी आणता येते. दुरुस्त करण्यासारखे त्यात काहीच नसल्यामुळे नालासोपाऱ्यातील जाणकारांनी या प्रकाराची अद्याप दखल घेतलेली नाही.